कारण सांग, मग मोडीत घाल

मेसेज मिळाला. फोटो पाहिला, कोटेशन पाहिलं आणि त्याखालचं तुझं वाक्यही वाचलं: ‘सर, बाबांचा नॅड एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन अॅम्प्लिफायर घेतोय, तुमचं मत सांगा.’ घेतोय म्हणतोस आणि वर मत मागतोस! मत विचारायचं ते ठरवण्याआधी. ठरवून झाल्यावर मागतात ती शाबासकी, आणि ती माझ्याकडून कधी फुकट मिळाली होती का तुला?

तंत्रनिकेतनात तीन वर्षं माझ्यासमोर बसलास. बिघडलेला सेट टेबलावर आला की पहिली दहा मिनिटं कुणी स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही, हा नियम तुला पाठ होता. आधी लक्षण लिहायचं, मग मीटर लावायचा, मग तोंड उघडायचं. आता चांगल्या कंपनीत आहेस, वाकडला फ्लॅट आहे, पगार माझ्या पेन्शनच्या कितीतरी पट आहे. म्हणून नियम बदलला? लक्षण दिसलं आणि तू थेट रोगीच विकायला काढलास.

चार कारणं लिहिली आहेस. त्यांतली साडेतीन त्या सेल्समनच्या तोंडची आहेत. ‘ओपन साउंडस्टेज’ असलं काही मी तुला शिकवलेलं नाही.

तुझं स्वतःचं म्हणावं असं अर्धं कारण एकच: डावा चॅनल मधूनच गप्प होतो. वरून टपली मारली की परत येतो, असंही प्रामाणिकपणे लिहिलंस. अरे, टपली मारल्यावर परत येणारा दोष कुठला असतो? तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतंस की सैल जोड नाहीतर काळवंडलेला संपर्क. जळलेला ट्रान्झिस्टर टपलीने जिवंत होत नाही. आता तो खोका भिंतीकडून वळव. मागच्या बाजूला सॉकेटांच्या रांगेत इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या दोन धातूच्या कड्या दिसतील. एक टोक ‘प्री आउट’मध्ये, दुसरं पॉवर अॅम्प्लिफायरच्या इनपुटमध्ये. आतला प्रीअॅम्प्लिफायर आणि पॉवर अॅम्प्लिफायर यांना जोडणारा रस्ता मुद्दाम बाहेरून काढलेला आहे, प्रत्येक चॅनलला एक कडी. इतक्या वर्षांच्या पावसाळ्यांनी त्या कड्या काळ्या पडल्या असणार, आणि सिग्नल तिथेच अडतोय. ज्यांनी ज्यांनी हे मॉडेल दुरुस्त केलंय त्यांचा हात आधी तिथे जातो. बटण बंद कर, प्लग काढ, कड्या ओढून काढ, कॉन्टॅक्ट क्लीनरने लख्ख पूस, सॉकेटातही एक फवारा मार आणि परत घट्ट बसव. तेवढ्याने भागलं नाही तर व्हॉल्यूम आणि बॅलन्सच्या मुठी पुन्हा पुन्हा दोन्ही टोकांपर्यंत फिरव, आणि स्पीकरच्या तारांची टोकं नव्याने सोलून लाव. क्लीनरचा डबा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कुठेही मिळेल.

हे त्या दुकानातल्या माणसाने पाहिलं का? नाही. ‘साहेब, वय झालंय त्याचं’ एवढंच म्हणाला, आणि तू मान डोलावलीस. तुझ्या डिप्लोमावर माझी सही नसली तरी तो माझ्या हाताखालून गेलाय, म्हणून मला जास्त लागलं.

आता ते २० वॅट. ‘आजच्या काळात २० वॅट पुरत नाहीत’ हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. आजच्या काळात कान मोठे झाले का? की हवा जड झाली?

तुझ्या बाबांनी मस्कतहून आणलेला तो नॅड ३०२०. लंडनमध्ये १९७२ साली निघालेल्या कंपनीचा, एरिक एडवर्डसेन या इंजिनिअरने आखलेला, १९७८ साली बाजारात आलेला. त्या काळचे जपानी अॅम्प्लिफायर चकचकीत अॅल्युमिनियमचे, वजनदार मुठींचे. त्यांच्याशेजारी हा काळपट डबा गरीब नातेवाइकासारखा दिसायचा. बटणंसुद्धा प्लॅस्टिकची. पैसा खर्च केला होता तो आत. कागदावर चॅनलला २० वॅट, पण तबल्यावर एकदम थाप पडली, क्षणभर जास्त वीज लागली, तर छापील आकड्याच्या वर बरंच काही देण्याची ताकद त्याच्या पॉवर सप्लायमध्ये ठेवली होती. आणि त्याही पलीकडे ओढलंस तर मागे ‘सॉफ्ट क्लिपिंग’चं बटण आहे, लहरीचं डोकं सपाट छाटण्याऐवजी ते गोलसर करतं, म्हणजे ट्वीटर जळायची भीती कमी. ते बटण आहे हे तुला माहीत होतं का? इतकी वर्षं घरात असलेल्या वस्तूची पाठ कधी पाहिली नाहीस आणि ती पुरत नाही म्हणून निकाल दिलास.

गणित कर. तुझ्या स्पीकरवर ८८ डेसिबल छापलंय, फोटो मोठा करून मी वाचलं. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८८ डेसिबल. नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास असतं. सोफ्यापर्यंत येईतो काही डेसिबल गळतात, पण स्पीकर दोन आहेत आणि भिंती थोडं परत देतात. तात्पर्य, एका वॅटात वरच्या मजल्यावरचे काका खाली येतील. त्या अॅम्प्लिफायरच्या पुढच्या पट्टीवर वॅट दाखवणारे छोटे दिवे आहेत, पहिला एका वॅटचा. आज रात्री नेहमीच्या आवाजात किशोरीताईंची एखादी रेकॉर्ड लाव आणि पाहा, पहिल्याच्या पुढचा दिवा कितीदा लुकलुकतो ते. सरासरी पाव वॅटसुद्धा नसेल. हां, थाप, झाला, मध्येच चढलेली तान, हे क्षण सरासरीच्या दहापट, क्वचित शंभरपट मागतात, म्हणून राखीव ताकद हवी. त्यासाठीच ते २० आहेत.

आणि त्या नव्या यंत्राने २० चे १०० केले तर काय मिळणार? पाचपट वीज म्हणजे ७ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तू पंचावन्न हजार रुपये भरणार आणि कमाल आवाज दुप्पटही होणार नाही. त्या कमाल आवाजात तू आयुष्यात ऐकणार नाहीस ते वेगळंच. लॉगॅरिदम शिकवताना ‘सर, हे पुढे कुठे लागतं?’ असं मागच्या बाकावरून कुणी विचारलं होतं ते मला आठवतं. इथे लागतं.

आता मुख्य गोष्ट. ‘दुकानात स्पष्ट फरक जाणवला.’ जाणवला असणारच. तुला खोटा ठरवत नाही, मूर्ख ठरवतोय. दुकानात काय झालं ते मी न पाहता सांगतो. नवा अॅम्प्लिफायर दुसऱ्याच स्पीकरवर लावला होता, दुप्पट किमतीच्या. खोलीला पडदे होते, खाली गालिचा होता. गाणं त्याने निवडलं होतं. आणि व्हॉल्यूमची मूठ त्याच्या हातात होती. त्याने घरच्यापेक्षा थोडा मोठा आवाज ठेवला आणि तुला वाटलं की खर्ज भरीव आहे, वरचे स्वर स्वच्छ आहेत. बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलंय की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की तेच स्वर आपोआप पुढे येतात. फरक अर्ध्या डेसिबलचा असेल तर माणसाला आवाज मोठा आहे हे कळतच नाही, नुसतं ‘जास्त चांगलं’ वाटतं. विकणाऱ्यांचं सगळं शास्त्र या अर्ध्या डेसिबलवर उभं आहे, आणि तू त्यात चपला काढून आत गेलास.

अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८७ साली सहा अॅम्प्लिफायर आणून आवाज मीटरने समान केला आणि कुठला चालू आहे हे न सांगता लोकांना ऐकवलं. सर्वांत स्वस्त सव्वादोनशे डॉलरच्या आसपासचा, सर्वांत महाग बारा हजारांचा. श्रोत्यांत छंदिष्टही होते, महागड्या यंत्रांवर छातीठोक बोलणारे. निकाल नाणं उडवल्यासारखा लागला. यावरून सगळे अॅम्प्लिफायर सारखे असं मी म्हणत नाही. व्हॉल्व्हच्या काही अॅम्प्लिफायरांचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, त्यांच्यावर स्पीकरचा स्वरच बदलतो. एखादा घरघरतो, एखादा ४ ओहमचा स्पीकर लावला की दम टाकतो. पण धडधाकट असलेला, ताकदीच्या आत चालणारा ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर दुसऱ्या तशाच अॅम्प्लिफायरपासून ओळखणं हे तू समजतोस तितकं सोपं नाही. तुझं नवं यंत्र ज्या क्लास डी जातीचं आहे तिला वाईट म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांतही मला बसवू नकोस. नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता, ना उष्णता, ना वजन. उत्तम इंजिनिअरिंग आहे ते. प्रश्न ते यंत्र चांगलं आहे का हा नाही. तुझ्या घरी ते काय बदलणार आहे, हा आहे.

तर तपासून पाहा. दुकानदाराला सांग, यंत्र दोन दिवस घरी दे. माल विकायची घाई असेल तर देईल. नाही दिलं तर का नाही देत याचा विचार कर. घरी आणलंस की फोनवरून ४०० हर्ट्झचा सलग सूर लाव. हजारचा नको, स्वस्त मल्टीमीटर पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो, तो वरच्या सुरावर चुकतो. स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोज, दोन्ही अॅम्प्लिफायरांवर एक टक्क्याच्या आत सारखं आण. मग बायकोला तारा बदलायला सांग. तिने नाणं उडवून ठरवायचं कुठला लावायचा, तू पाठ करून बसायचं, आणि तिनेही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सोळा फेऱ्या. बारा वेळा बरोबर ओळखलास तर पुढे बोलू. ती कंटाळली तर तिची चूक नाही.

बरोबर ओळखलास तरी खुशाल हुरळून जाऊ नकोस, कारण मुख्य गुन्हेगार तुझ्याच फोटोत आहे. तो फोटो तू अॅम्प्लिफायर दाखवायला काढलास, मला बाकीचं सगळं दिसलं. व्हिट्रिफाइड टाइल्स, पूर्ण काच असलेली गॅलरी, समोर कोरी भिंत. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजव. टरररर असा जो आवाज परत येईल तोच तुझ्या प्रत्येक गाण्यावर सांडतोय. डावा स्पीकर टीव्ही युनिटच्या खालच्या खणात कोंबलाय, त्याचा ट्वीटर तुझ्या पोटरीला गाणं ऐकवतो. उजवा कोपऱ्यात, मनी प्लांटच्या मागे. कोपऱ्यात ढकलल्यावर खर्ज फुगणारच, मग तू म्हणतोस आवाज ‘गढूळ’ येतो. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. तुझ्याकडे अंगणच वाकडं आहे आणि बोल लावतोयस नाचणाऱ्याला. दोन्ही स्पीकर बाहेर काढ, कानाच्या उंचीवर आण, भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढ, आपापसांत आणि तुझ्यापासून सारख्या अंतरावर ठेव. खाली जाड सतरंजी घाल. कोऱ्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लाव. पुस्तकं असतीलच घरात, अशी आशा आहे.

आणि अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स, बॉक्सवर राउटर, वर क्रोशाचा रुमाल! झरोके वरच्या बाजूला असतात ते काय शोभेला? आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढलेल्या तापमानामागे जवळजवळ निम्मं होतं. वय झालं म्हणतोस त्याचं; तूच वाढवतोयस ते.

एक गोष्ट तर तुझ्या कोटेशनमध्येच नाही. बाबांच्या रेकॉर्डी कशावर ऐकणार? जुन्या अॅम्प्लिफायरला ‘फोनो’ असं स्वतंत्र सॉकेट असतं. रेकॉर्डच्या सुईतून येतात ते जेमतेम पाच मिलिव्होल्ट. शिवाय खाचा अरुंद राहाव्यात म्हणून रेकॉर्ड कापतानाच खालचे स्वर दाबतात आणि खरखर झाकावी म्हणून वरचे उचलतात; १९५४ पासून आरआयएए या अमेरिकन रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेचा हा ठरलेला वक्र आहे, दोन्ही टोकांना जवळजवळ वीस वीस डेसिबलचा. अॅम्प्लिफायरने तो उलटा करायचा असतो. तू पाठवलेल्या त्या नव्या यंत्राच्या माहितीपत्रकात ब्लूटूथ आहे, वायफाय आहे, तीन प्रकारचे ऑनलाइन गाण्यांचे शिक्के आहेत. फोनो कुठेही नाही. त्याला टर्नटेबल सरळ लावलंस तर भीमसेनजींचा आवाज डास गुणगुणल्यासारखा येईल. मग वेगळा फोनो प्रीअॅम्प्लिफायर आण, त्याचा अॅडॉप्टर आण, तारा आण. हा खर्च त्या पंचावन्न हजारांत धरला होतास?

पैशांचं थोडक्यात. नव्याची किंमत ६२,०००, जुन्याचे ७,०००, म्हणून तुला वाटतं सात हजार मिळाले. दुसऱ्या दुकानात फोन कर, म्हण, ‘जुनं काही द्यायचं नाही, रोख घेतो, शेवटचा भाव सांगा.’ ५६,००० म्हणाला तर तुझ्या बाबांच्या अॅम्प्लिफायरची किंमत एक हजार झाली. तुझी आजी पितळेचं घंगाळ मोडीत घालायला जायची तेव्हा आधी नव्या भांड्याचा भाव पक्का करायची, मोड पिशवीतच राहायची. भाव ठरला की मग ती बाहेर निघायची. तू दुकानात शिरताच फोटो दाखवलास. चालू स्थितीतला ३०२० आजही हौशी लोक शोधत असतात. विकायचाच असेल तर कड्या पुसून, दोन्ही चॅनल वाजते करून, थेट घेणाऱ्याला वीक.

आता तू म्हणशील, सर, म्हणजे बदलायचाच नाही का? कुणी म्हटलं? ‘आईला टीव्ही आणि गाणी एकाच रिमोटवर हवीत, तिला उठून मूठ फिरवायचा त्रास होतो’ असं लिहिलं असतंस तर मी एक अक्षर बोललो नसतो. ‘टीव्ही युनिटमध्ये हा खोका बसत नाही’ हेही कारण आहे. ‘मला नवीन वस्तूची हौस आहे आणि पगार चांगला आहे’ हेसुद्धा प्रामाणिक कारण आहे. हौसेला मोल नसतं, मी तुझ्या खिशात हात घालणार नाही. माझा राग आहे तो हौसेला ‘साउंड क्वालिटी’चा मुखवटा घालून माझ्याकडून त्यावर सही मागण्यावर. फोनवरची गाणी वाजवायची असतील तर एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घे, जुन्याच्या ‘ऑक्स’मध्ये खोच, दोन-तीन हजारांत काम होतं. टीव्हीचा ऑप्टिकल आउटपुट असेल तर त्यासाठीही तसाच छोटा डबा मिळतो.

एक मात्र आज करच, हे सुरक्षेचं आहे. गाणं बंद, व्हॉल्यूम शून्य, स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर डीसी मिलिव्होल्टवर लाव. दोन्ही चॅनलला पन्नासच्या आत असेल तर बिनघोर राहा. आकडा शंभरच्या वर गेला, किंवा एका बाजूला सतत सरकत राहिला, तर स्पीकर लगेच सोडव आणि चांगल्या मेकॅनिककडे ने. तिथे कपॅसिटर आणि बायस बघायला लागेल. झाकण स्वतः उघडू नकोस. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि तुझा हात आता फक्त की-बोर्डला सरावलाय. मेकॅनिकने जर ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून सांगितलं, खरोखर गेला असेल, तर मग मोडीत घालायला माझी ना नाही. नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा खर्च तेव्हा आपण बसून बघू.

दुकानदाराला कळव की कोटेशन महिनाभर राहू दे. आज संध्याकाळपर्यंतच ऑफर आहे म्हणाला तर राहू दे म्हणावं. दिवाळीला काढलेली ऑफर पाडव्याला नव्या नावाने येतेच. रविवारी दहाला ये. अॅम्प्लिफायर आण, दोन्ही कड्या कागदात वेगळ्या बांधून आण, आणि डीसीचे आकडे दोन्ही चॅनलचे वेगवेगळे लिहून आण. कोटेशन आणलं नाहीस तरी चालेल.